ब्रेक, लायनर आणि अनसूयावहिनी

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका जागी बसवा, त्यांच्यामध्ये एक बिघडलेली वस्तू ठेवा आणि चहाची सोय करा. महिन्याभरात पोतंभर किस्से जमतात! आमच्यामध्ये तर अख्खी मोटारगाडी होती, तीही ब्रेक नसलेली. त्यामुळे आमच्या पोत्याचं तोंड कधी शिवताच आलं नाही.

आधी माणसं सांगतो. दामू माझा वर्गमित्र, टिमकी मोहल्ल्यातल्या कोष्ट्याच्या घरचा. गिरणीत टाइमकीपर होता. लोकांना वेळेवर आत घ्यायचं त्याचं काम आणि स्वतः मात्र सगळीकडे उशिरा. त्याचे वडील आबाजी घरच्या हातमागावर लुगडी विणायचे. जगातली कुठलीही वस्तू एकतर मागासारखी असते किंवा मागापेक्षा हलकी असते, असं त्यांचं मत होतं. देवराव मास्तर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. पांढरं धोतर, काळा कोट, आणि तोच कोट घालून गाडीखाली शिरायची तयारी. मी पोस्टात. आणि दामूची बायको, आमच्या अनसूयावहिनी. त्या नसत्या तर दामूनं ती गाडी ब्रेकशिवायच आयुष्यभर चालवली असती.

*

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं. शहाण्या लोकांनी कपाटं घेतली, आरामखुर्च्या घेतल्या. दामूनं घरात कोणाला न विचारता मोटार घेतली.

"ब्रेक थोडे नरम आहेत," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. नरम! भाकरी नरम असते. हे ब्रेक नव्हतेच.

वहिनींना निरोप गेला. त्या हळद-कुंकवाचं ताट, निरांजन आणि झेंडूचा हार घेऊन दारात उभ्या राहिल्या. राग आला होता, पण लक्ष्मी दारात येते आहे तर ओवाळायला नको? गाडी गल्लीत शिरली. दामूनं टोपी सरळ केली. गाडी दारापाशी आली आणि ताटासमोरून तशीच पुढे निघून गेली!

"थांबतो! थांबतो!" दामू मागे वळून ओरडत होता.

पुढे आबाजींची पांजणी चालली होती. म्हणजे मागावर चढवायचं सूत गल्लीभर ताणून, त्याला खळ लावून, कुंच्यानं विंचरत वाळवायचं काम. गाडी त्या सुतात शिरली आणि तिथे थांबली. बंपरपासून कंदिलापर्यंत पांढरी, ओली, खळ लावलेली!

आबाजींनी कुंचा खाली ठेवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लुगडं नेसवूनच आनली का बे सून?"

वहिनींनी निरांजन फुंकलं. दामू सूत झटकत आला तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "अजी, आयका. हे गाडी ज्या दिवशी तुम्ही म्हनान तिथं उभी राहीन, त्या दिवशी मी बसीन. तवर मले एका शब्दानं नोका म्हनू."

दामू हसला. पण ते बोल त्याला लागले होते. कारण ती गाडी त्यानं घेतली होती ती वहिनींना पुढच्या सीटवर बसवून रामटेकला न्यायलाच. लग्न झाल्यापासून त्यांना कुठे नेलं नव्हतं, ही गोष्ट त्यानं मला कितीतरी वेळा सांगितली होती. वहिनींना मात्र एकदाही नाही.

*

त्यानंतर काही महिने गाडी देवराव मास्तरांच्या भरवशावर थांबायची. दाराखालच्या फळीवर मास्तर उभे राहायचे, हातात लाकडाचा ठोकळा. दामू "आलं!" म्हणाला की मास्तरांनी उडी मारायची, गाडीपुढे धावायचं आणि चाकाखाली ठोकळा सरकवायचा. कोटाची बटणं लावून!

एकदा शाळेसमोरच हा प्रकार झाला. हेडमास्तर फाटकात उभे होते. मास्तरांनी उडी मारली, धावले, ठोकळा लावला, गाडी थांबली. मास्तरांनी घाम पुसला आणि नमस्कार केला.

हेडमास्तर म्हणाले, "देवराव, इतकी घाई पहिल्या तासाले दाखवत जा नं."

*

इतवारीच्या चौकातला किस्सा तर खुद्द त्या शिपायानंच पुढे कितीतरी लोकांना सांगितला.

शिपायानं हात दाखवला. मास्तर त्या दिवशी सोबत नव्हते. दामूनं काय करावं? त्यानं गाडी शिपायाभोवती गोल वळवली.

"थांब!" शिपाई ओरडला.

"थांबूनच राहिलो जी, जमादारसाहेब!" दामू पहिल्या फेरीत म्हणाला.

दुसऱ्या फेरीला शिपाई स्वतः जागच्या जागी फिरला. "मंग काहून थांबत नाही बे?"

"मी थांबलो जी! गाडी आयकून नाही राहिली!"

तेवढ्यात मागून दोन टांगे आले, एक बंडी आली. पुढचा मोटारवाला शिपायाला प्रदक्षिणा घालतो आहे म्हटल्यावर टांगेवाल्यांना वाटलं, नवं राज्य आहे, नवा कायदा आला असेल. तेही फिरायला लागले! बंडीवालाही बैल वळवून त्यांच्या मागे लागला. शिपाई मध्ये उभा, बिचारा चक्कर येऊन डोळे मिटायच्या बेतात.

शेवटी त्यानं हात जोडले. "जा बाप्पा! घरी जाऊन थांब!"

*

आता हे घरीच दुरुस्त करायचं असं ठरलं. गॅरेजवाल्यानं ती गाडी दुरूनच बघून मान हलवली होती. असल्या गाडीचा माल आता येत नाही, म्हणाला.

ज्यांनी मोटारीचं चाक कधी उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या आत लोखंडाचा ड्रम असतो. पेडल दाबलं की आतले दोन लोखंडी कमानीसारखे तुकडे फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या तुकड्यांवर जाड पट्टी रिवेटनं ठोकलेली असते, तो लायनर. लायनर संपला की लोखंडावर लोखंड घासतं आणि माणूस देवाचं नाव घेतो.

दसऱ्याला गाडीतून वहिनींना सोनं लुटायला न्यायचं, असं दामूच्या मनात होतं. म्हणून नवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अंगणात गाडी विटांवर चढवली, चारही चाकं काढली, ड्रम उघडले. लायनर पार खलास झालेले! "उद्या सकाळी पाहू," म्हणून हत्यारं ओसरीवर ठेवून आम्ही घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर ओसरीवर एकही हत्यार नाही. आत देवघरापाशी पाट मांडलेला, त्यावर आमचे पाने, पक्कड, हातोडी, जॅक, सगळे धुऊनपुसून ओळीनं बसवलेले. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, पुढे नैवेद्य! खंडेनवमी होती. आबाजींनी मागाच्या धोट्याबरोबर आमचीही आयुधं पूजेला लावली होती.

"आबाजी, फक्त तो मोठा पाना द्या," दामू काकुळतीला आला.

"पूजेतला देव उचलते का बे कोनी? उद्या दसरा झाला का मंग घे."

गाडीलाही हार घातलेला. चाकं नाहीत, विटांवर उभी, आणि बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं.

वहिनी परडी घेऊन बाजूनं गेल्या. "अजी, आज तं बरी थांबली," म्हणाल्या.

*

नवमीला माग चालवायचा नसतो. आबाजींना रिकामं बसायची सवय नव्हती. त्यांनी वेळ घालवायला तो झिजलेला लायनर हातात घेतला, नखानं उकरला, नाकाशी नेला, उन्हात धरला. आणि असे ओरडले की आम्ही सगळे धावलो.

"दामू! हे तं इनलेलं हाये!"

खरंच विणलेलं होतं. धाग्यात बारीक पितळी तार घालून विणलेली जाड पट्टी. आबाजींचा चेहरा असा फुलला, जणू विलायतेतल्या कोणा कोष्ट्याचं पत्रच हाती आलं.

"अन् याच्यासाठी तुम्ही दुकानं पालथे घालून राहिले? मी काय मेलो का?"

दसरा झाला आणि आबाजी मागावर बसले. सुताचे जाड पीळ घातले, त्यात पितळेची तार घातली. आठवडाभर लुगडी बाजूला! पट्टी मागावरून उतरली तेव्हा आम्ही बघतच राहिलो. दोन्ही कडांना लाल करवतकाठी किनार होती!

"आबाजी, हे चाकाच्या आत जाणार. दिसणार कोणाले?" मास्तरांनी विचारलं.

"बिनकाठाचा माल मी उतरवत नाही," आबाजी म्हणाले.

आम्ही पट्टीचे तुकडे कापले आणि रिवेटनं ठोकले. शेजारच्या बायका येऊन काठावर बोट फिरवून गेल्या. एकीनं तर असंच लुगडं किती दिवसांत मिळेल म्हणून विचारलं.

मग सेमिनरी हिलच्या उतारावर ट्रायल. दामूनं पेडल दाबलं. गाडी थांबली! खरंच थांबली! मास्तर ठोकळा हातात घेऊन उगाच उभे राहिले. त्यांना काय करावं सुचेना. दामूनं सायकलवरून जाणाऱ्या ओळखीच्या एकाला ओरडून सांगितलं, "घरी सांगजो, गाडी थांबते! म्हना तयार राहा!"

सायकलवाला गेला. आम्ही पुन्हा एकदा उतारावरून आलो, पुन्हा थांबली. पुन्हा एकदा. आणि मग खमंग वास यायला लागला.

"कोनाच्या घरी पापड भाजून राहिले?" मास्तर म्हणाले.

पापड कसले! चारही चाकांतून धूर! सूतच ते, तापल्यावर जळणार नाही तर काय होणार? मास्तरांनी फिरकीच्या तांब्यातलं पाणी ओतलं, मी रस्त्यावरची माती टाकली, दामू टोपीनं वारा घालत होता, त्यानं आणखीच पेटलं.

एका बंडीच्या मागे दोर बांधून गाडी घरी आली. दारात वहिनी उभ्या होत्या. निरोप पोचला होता. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत फूल होतं. बंडीवाला "हो!" म्हणाला, बैल बरोबर दारापाशी थांबले, मागे गाडीही थांबली.

दामू कसाबसा हसून म्हणाला, "पाह्य, थांबली नं दारात?"

"बैलं थांबले," वहिनी म्हणाल्या. "त्यायले पानी पाजा." आणि आत जाऊन लुगडं बदलून चहा घेऊन आल्या.

दामूचा कप त्यांनी हातात न देता ओसरीवर ठेवला. दामूला मान वर करता येईना. मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं. ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी चहा छान झाला म्हणालो. आबाजी तेवढे जळकी पट्टी चोळून बघत होते. "इनीत खोट नाही," म्हणाले. "चाकच तापट हाये."

*

अखेर कामठी रोडवरच्या जुन्या मालाच्या एका दुकानात लढाईच्या वेळचे लायनर मिळाले. थोडे जाड होते. चार रविवार आम्ही ते कानसीनं घासले. बसवले. शनिवारी संध्याकाळी दामूनं गल्लीतून गाडी आणली आणि दारासमोर, अगदी उंबऱ्याच्या रेषेत उभी केली. फक्त थांबताना ती अशी किंचाळायची की समोरच्या घरातली तान्ही मुलं उठायची.

वहिनींनी खिडकीतून पाहिलं. "उद्या पाहू," म्हणाल्या. दामूच्या दृष्टीनं हे लग्नाच्या होकारापेक्षा मोठं होतं!

रविवारी सकाळी दामू एक चक्कर मारून गल्लीत शिरला. वहिनी दारात आल्या. साधंच लुगडं होतं, पण पायात चपला होत्या, म्हणजे बसायच्या तयारीनं आल्या होत्या. गाडी आली. आवाज नाही, किंचाळणं नाही, लोण्यासारखी आली. आणि लोण्यासारखीच पुढे गेली! थेट टोकाच्या चुन्याच्या ढिगात.

आम्ही ड्रम उघडले तर आतून तेल ठिबकतंय. जवसाचं!

सगळ्यांनी आबाजींकडे पाहिलं.

"करकर करून राहिलं होतं," आबाजी हळूच म्हणाले. "माग करकरला का आम्ही तेल देतो. सून बसनार होती, तिचे कान किटतीन म्हनून मी पहाटेच उठून..."

दामू संतापानं लाल झाला. पण वहिनी पुढे आल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. "मामाजी," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमची माया हाये थे मले ठाऊक हाये. पन थे चाकात नोका टाकू."

*

आता शेवटचा.

तेल काढायला आम्ही गाडी पुन्हा विटांवर चढवून, चाकं काढून सगळंच उघडलं. ड्रम पेट्रोलनं पुसले, लायनर उन्हात वाळवले, पुन्हा बसवले. या खटाटोपात दामूनं ब्रेकच्या तेलाची नळीही सोडली आणि नळीत हवा शिरली. पेडल दाबलं की पाय सरळ खाली, जसं काही शिळ्या पिठात रोवला.

हवा काढायची रीत अशी: एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नळीचा स्क्रू सोडून हवा बाहेर घालवायची, स्क्रू आवळायचा, मग आतल्यानं पाय उचलायचा. दामू चाकापाशी आडवा झाला. मास्तर नळीखाली बाटली धरून बसले. मी बॉनेटपाशी वरून ब्रेकचं तेल ओतायला. पेडलवर बसायला उरले आबाजी.

"दाबा!" दामू ओरडला.

आबाजींनी दाबलं.

"धरून ठेवा!"

पण सगळं आयुष्य मागाखालच्या पावड्या आळीपाळीनं दाबलेले पाय ते! डावा खाली, उजवा वर, उजवा खाली, डावा वर. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक! हातसुद्धा धोटा फेकल्यासारखे हलायला लागले. बाटलीत बुडबुडेच बुडबुडे.

"आबाजी, एकच पाय! एकच!"

"एका पायानं का कापड निंगते बे?"

बाटली तिसऱ्यांदा मास्तरांच्या कोटावर सांडली तेव्हा आबाजींना सन्मानानं खाली उतरवलं. दामू चाकापाशी तसाच पालथा पडून राहिला. "राहू द्या गा," म्हणाला. "विकून टाकतो भंगारात. तिले एक दिवस बसवाचं होतं, बस. येवढंच होतं. तेबी नाही होत."

तो गाडीआड होता. ओसरीवर वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या हे त्याला दिसत नव्हतं.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, विटांवर पाय देऊन चढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. 

"कोनता दाबू?" त्यांनी विचारलं.

दामूनं आवाज ओळखला. त्याचं डोकं मडगार्डला आपटलं. "मधातला," तो म्हणाला. "पन तू तं बसनार नव्हती नं?"

"आता कुठं चालून राहिली थे? चाकं तं तिकडं भितीले टेकवून हायेत. सांगा, दाबू का?"

"दाब."

वहिनींनी दाबलं. आणि धरून ठेवलं. घागर कमरेवर धरावी तसं, हलू न देता. "सोड" म्हटल्यावरच सोडलं. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. एका चाकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. मास्तरांच्या बाटलीतले बुडबुडे कमी होत गेले. तिसऱ्या चाकापासून तर हुकूम वहिनीच द्यायला लागल्या. "दाबलं. सोडा तुमचा स्क्रू. आवळा. झालं? मास्तर, बाटली सरळ धरा!"

चौथ्या चाकाला दामू म्हणाला, "अजून एकदा दाब."

"नाही लागत," वहिनी म्हणाल्या. "कडक झालं. पायाले समजते."

दामूनं उठून हातानं पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं होतं. त्यानं वर पाहिलं तेव्हा वहिनी सीटवर बसलेल्या, हात स्टेअरिंगवर. एवढा वेळ तो स्क्रूच्या नादात होता. आता त्याच्या लक्षात आलं की बायको आपल्या गाडीत बसली आहे. त्याचे डोळे भरून आले. पेट्रोल फार झोंबतं, असं काहीतरी तो म्हणाला.

आम्ही चाकं चढवली, विटा काढल्या. गाडी वहिनींसकट जमिनीवर आली. आबाजी बाजूला उभे राहून सगळं बघत होते, दोन्ही हात पाठीमागे धरून. मागच्या सीटवर मी आणि मास्तर बसलो. दामूनं टोपी घातली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक थोडी तिकडे," तो म्हणाला. "चाल, रामटेकले जाऊ."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एकवार पेडल दाबलं, सोडलं, आणि समोर गल्लीकडे बघत म्हणाल्या,

"थांबवाचं तं मले आलं. आता चालवाचं कसं, थे सांगा."

 दामूनं दार हळूच लावलं, गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या दारानं आत येऊन बसला.